पुस्तक झालं की जागा तुमची

टेक्सासमधली खडकाळ जमीन सोन्यासारखी आहे असं सांगून एका फ्रेंच पुढाऱ्याने आपल्याच काही शे माणसांना फसवलं. या गोष्टीला दीडशेहून जास्त वर्षं झाली. त्या माणसांचं पुस्तक लिहितो आहे असं सांगून आमच्या सोसायटीतल्या लिमये सरांनी मला फसवलं. ही गोष्ट ताजी आहे. फ्रेंच पुढारी आता सापडायचा नाही. लिमये सर तळमजल्यावर राहतात, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो.

सरांना ओळखायचं असेल तर सर्वपित्री अमावस्येला आमच्याकडे कर्वेनगरला या. त्या दिवशी सर फ्रेंच माणसांचं श्राद्ध घालतात. मी थट्टा करत नाही. थट्टा करण्याइतकी फुरसत मला आयुष्यात मिळाली नाही. टेक्सासात जी माणसं मेली आणि ज्यांच्यामागे पाणी द्यायला कुणी उरलं नाही, त्यांच्या नावाने सर तीळ सोडतात. पहिल्या वर्षी आलेले गुरुजी तरुण होते. स्कूटरवरून आले होते आणि त्यांना पुढची घरं गाठायची होती.

"गोत्र?" त्यांनी विचारलं.

"विणकर होते."

"धंदा नाही हो, गोत्र."

"ते लोक असलं काही मानत नसत. सगळे समान, हाच तर मुद्दा होता."

गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची सोय आहे. नाव?"

"झाँ बाप्तिस्त."

गुरुजींनी त्याचा 'जनबापट' केला आणि तो काश्यपगोत्री विणकर तृप्त झाला. कावळा मात्र खिरीला शिवेना. सर आत गेले, पाव घेऊन आले, एक तुकडा पानावर ठेवला. कावळ्याने तो लगेच उचलला.

"बघा वानखेडे," सर म्हणाले, "पुरावा."

पुरावा हा त्यांचा लाडका शब्द. "पुराव्याशिवाय बोलू नये," हे वाक्य ते दूधवाल्यालाही ऐकवतात. दूध पातळ आहे असं ते कधीच म्हणत नाहीत. त्याच्यासमोर फरशीवर एक थेंब टाकतात आणि तो कुठवर पळतो ते दोघं मिळून बघतात.

मी वानखेडे. वाशीमकडचा. पुण्यात आलो तेव्हा हातगाडीवर संत्री विकली. पुढे मांजरी गावाकडे उसाच्या शेतांत प्लॉट पडायला लागले, तेव्हा शेतकऱ्याचं म्हणणं बिल्डरला आणि बिल्डरचं शेतकऱ्याला समजावण्याचं काम धरलं. दोघंही मला शिव्या घालायचे, यावरून काम चोख होतं हे ओळखा. शाळा फार झाली नाही. पण जमिनीवर टाच आपटली की खडक किती खाली आहे ते मला कळतं, आणि समोरच्याच्या 'बघू'मध्ये 'हो' किती आणि 'नाही' किती, तेही कळतं. तेवढ्या भांडवलावर ही जागा घेतली. तिसऱ्या मजल्यावर. बायकोला गुडघे असतात हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

इमारतीला लिफ्ट नाही आणि बसवायला जागा नाही. सुमनचा आधी उजवा गुडघा गेला, मग डावा. आता ती फक्त दवाखान्यासाठी खाली उतरते, तीही खुर्चीत बसून, दोन माणसांच्या खांद्यावर, डोळे मिटून. बाकीचा दिवस गॅलरीत. दुसऱ्या सोसायट्यांतले तळमजले मी तिला दाखवले नाहीत असं नाही.

"तिथं मले कोन वळखते?" ती म्हणते. "इथं भाजीवाली खालून हाक मारते. जोशीबाई दोरीनं डबा पाठवते. तिथं मी मेली तं तुमाले बी संध्याकाळी कळन."

म्हणजे जागा याच इमारतीतली पाहिजे आणि तळमजल्याचीच पाहिजे. तळमजल्यावर दोन घरं. एकात डॉक्टर, त्यांचा दवाखाना जोरात चालतो, ते मेल्याशिवाय हलणार नाहीत. दुसऱ्यात लिमये सर. एकटे. बायको आम्ही इथे यायच्या आधीच गेलेली, एकुलती मुलगी मुक्ता टेक्सासात. मी एक दिवस पेढे घेऊन गेलो आणि विषय काढला.

"मला तरी एवढ्या जागेचं काय करायचंय?" सर म्हणाले. "पुस्तक झालं की मी मुक्ताकडे जाणार. पुस्तक झालं की जागा तुमची."

मी किंमत सांगितली. ते हो म्हणाले. मी तिथेच शहाणं व्हायला पाहिजे होतं. समोरचा घासाघीस करत नाही त्या मालात खोट असते, हे मी हातगाडीवर शिकलो होतो.

"पुस्तक किती राहिलं, सर?"

"दोन प्रकरणं."

तेव्हा सुमनचा डावा गुडघा चांगला होता.

दुसऱ्याकडून माल लवकर काढून घ्यायचा असेल तर त्याच्या कारखान्यात जाऊन बसावं लागतं. मी सरांच्या कारखान्यात बसायला लागलो. रोज सकाळी चहाला. तिथे मला ती वसाहत कळली. सर तिला 'आपली वसाहत' म्हणतात, त्यामुळे पहिले काही दिवस मला वाटलं वारज्याच्या पुढे कुठे तरी आहे.

गोष्ट अशी. फ्रान्समध्ये एक पुढारी होता. माणसांनी मिळून राहावं, मिळून कमवावं, एका स्वयंपाकघरात जेवावं, आणि ज्याला जे काम आवडतं तेच त्याने करावं, म्हणजे कष्ट हा प्रकारच उरत नाही, असं त्याचं म्हणणं. तो टेक्सासला जाऊन आला आणि तिथल्या जमिनीचं असं काही वर्णन छापलं की लोकांनी दुकानं विकून जहाजं पकडली. विणकर गेले, घड्याळजी गेले, वाजंत्री गेले. बंदरापासून बैलगाड्या आणि पायपीट करून आत पोचले. पियानो घेऊन पोचले. नांगर धरता येईल अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

"जमीन कशी होती?" मी विचारलं.

"वर चार बोटं माती. खाली चुनखडी."

"घ्यायच्या आधी कुणी खणून बघितलं नाही?"

"विश्वास होता, वानखेडे."

"सातबारा तरी?"

"अहो, टेक्सासात सातबारा कुठला?"

"म्हणूनच बुडाले," मी म्हणालो आणि चहा संपवला. पण खरं सांगतो, दिवसभर डोकं तापलेलं राहिलं. पियानो आणणारी माणसं आणि खाली चुनखडी! मी तिथे असतो तर त्या पुढाऱ्याची गचांडी धरून जमीन परत करायला लावली असती. शेवटी तो पुढारीच लोकांच्या आधी वसाहत सोडून गेला. बाकीचे पांगले. सर हे सांगताना आवाज खाली आणतात, जणू शेजारच्या डॉक्टरांना कळलं तर वसाहतीची अब्रू जाईल.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात फ्रेंच शिकवलं. त्याशिवाय त्यांना काही येत नाही. फ्यूज बदलायला मी जातो. मुलगी टेक्सासला गेली तेव्हा तिच्याशी फोनवर काय बोलावं हे त्यांना कळेना, म्हणून टेक्सासात फ्रेंच काय आहे ते शोधायला बसले आणि ही वसाहत सापडली. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी सहज. मीही सहज ऐकलं. व्यवहाराशी संबंध नसलेली गोष्ट म्हणून सोडून दिली.

वसाहतीचं वेड सोसायटीलाही बाधलं. एका दिवाळीला सरांनी सभेत ठराव मांडला. घरोघरी सगळंच कशाला करायचं? प्रत्येक घराने आपल्याला आवडतं ते एकच करावं आणि सगळ्यांना वाटावं. टाळ्या झाल्या. 'आवडेल ते' हा शब्द मला तेव्हाच खटकला होता. "वाटून द्या सर, नावं घालून," मी म्हणालो. "सक्ती आली की वसाहत संपते," सर म्हणाले. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबलं लागली, डबे उघडले आणि सगळ्या घरांनी चिवडा केला होता. पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा, मक्याचा. डॉक्टरांच्या घरून कमी तेलाचा. अनारसे करायला कुणालाच आवडत नाहीत, खायला आवडतात. आम्ही पाडव्यापर्यंत चिवडा खाल्ला. जोशीबाईंनी सरांना विचारलं, "तुमच्या त्या फ्रेंचांकडे फराळाला काय असायचं हो?" सर गंभीरपणे म्हणाले, "हेच. पियानोवाले फार झाले होते."

या सगळ्यात एक दिवस मादाम आल्या.

दर रविवारी सकाळी मुक्ताचा फोन यायचा. तिची शनिवारची संध्याकाळ असायची. ती राहते तिथून वसाहतीची जागा मोटारीने जाण्यासारखी आहे. सरांनी तिला तिथे जाऊन बघायला सांगितलं. ती गेली, आणि पुढच्या फोनवर म्हणाली की तिथे एक म्हातारी भेटली. वसाहतीतल्याच एका घराण्याची शेवटची. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला सगळ्या तोंडपाठ.

त्यानंतर सोसायटीचा रविवार बदलला. फोन झाला की सर पार्किंगमध्ये येऊन उभे राहायचे आणि मान वर करून गॅलरीतल्या सुमनला मादामचं ताजं वर्तमान सांगायचे. सुमन खाली येऊ शकत नाही म्हणून ते मोठ्याने बोलायचे, आणि ते मोठ्याने बोलायचे म्हणून बाकीच्या गॅलऱ्याही भरायच्या.

"सुमनताई, मादामच्या आजीला राग आला की ती बोलायची नाही! धुतलेली भांडी पुन्हा घासायला काढायची!"

"बरोबरच हाय तिचं!" सुमन वरून ओरडायची.

"वादळ आलं की पलंगाला चादरी बांधून तंबू करायची आणि पोरांना आत घेऊन बसायची! म्हणायची, आता आपण घरात नाही, सहलीला आलोय!"

"मंग?"

"मग पोरं वादळ थांबलं की रडायची!"

कुणी पाहुणा निघाला की ही आजी दारात उभी राहायची आणि तो वळणापाशी दिसेनासा झाल्यावरच कडी लावायची. शेवटचा लाडू की केक, जे काय असेल ते, ती कधी खायची नाही. उशिरा येणाऱ्यासाठी डब्यात झाकून ठेवायची. सुमन मला म्हणाली, "अवो, हे बाई फ्रान्सची नाही वाटत. हे आपल्या वाशीमकडची दिसते."

मला कौतुक नव्हतं. मला प्रकरणं मोजायची होती. "सर, किती राहिली?" "दोन." सहा महिन्यांनी, "सर?" "दोनच. मादामनी नवीन काही सांगितलं, ते बसवायचंय." वर्ष गेलं. दोन. मी चिडलो. म्हातारी टेक्सासात आठवणी काढते आणि माझी बायको इथे खुर्चीत बसून जिना उतरते! हा कुठला न्याय?

मी मग माझ्या पद्धतीने गेलो. माझ्या बहिणीचा मुलगा नीलेश त्याच भागात कॉम्प्युटरचं काम करतो. मी सरांना म्हणालो, "नीलेशला पाठवतो. दोन दिवस म्हातारीसमोर बसेल, असेल नसेल ते सगळं रेकॉर्ड करून आणेल. एकदाचं पुस्तक संपवा."

सर एवढे घाबरलेले मी कधी बघितले नव्हते. "नको, नको. बाई लाजाळू आहेत. परक्याशी बोलायच्या नाहीत."

"परका कसा? मी सांगतो ना."

"वानखेडे, कृपा करून नको."

'नको' मध्ये 'हो' शोधायचा ही माझी रोजीरोटी. मी नीलेशला फोन लावला.

नीलेश माझ्या हाताखाली वाढलेला, त्यामुळे अर्धवट काम करत नाही. त्याने मुक्ताला फोन करून मादामचा पत्ता मागितला. ती गडबडली, म्हणाली, त्यांची तब्येत बरी नाही. नीलेश तरी गेला. वसाहतीच्या जागेवर रस्ते आहेत, गोदामं आहेत, कापलेलं गवत आहे. तिथल्या जुन्या लोकांना विचारलं, वाचनालयात विचारलं. मादाम नाही. तिचं घर नाही. त्या नावाचं कुणी तिथे कधी नव्हतं.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. खोटा माल पकडल्यावर माझं रक्त जे उसळतं ते उसळलं होतं.

"सर, तुमची मुलगी तुम्हाला फसवते आहे."

"बसा."

"बसायला आलो नाही. मादाम-बिदाम कुणी नाही. सगळं बनवलेलं आहे."

"माहीत आहे," सर म्हणाले. "बसा आता."

मी बसलो. सरांनी समोरच्या कपातला चहा हलवला. साखर घातलीच नव्हती.

"उषाला, माझ्या बायकोला, राग आला की ती धुतलेली भांडी घासायला काढायची," ते म्हणाले. "मुक्ता लहान होती तेव्हा पलंगाला चादरी बांधणारी उषा. दारात उभी राहणारीही तीच. मला कळायला दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी ती लाडवाचा डबा म्हणाली, आणि मी फोन बाजूला धरला."

"मग बोलला का नाहीत?"

"उषा आजारी पडली तेव्हा मुक्ताची शेवटची परीक्षा होती तिकडे. मी कळवलं नाही. म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. ती आली तेव्हा घरात फोटोला हार घातलेला होता. तिने मला काही विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर आईचं नाव काढलं नाही, आणि मी काढायला धजलो नाही. आम्ही हवेबद्दल बोलायचो. तिकडे गरम, इकडे गार."

बाहेर डॉक्टरांच्या दवाखान्यात कुणाचं तरी पोर रडत होतं. सर ते थांबेपर्यंत थांबले.

"वसाहतीच्या जागेवर ती एकदाच गेली असणार. तिथे काही नव्हतं. तसं तिने सांगितलं असतं तर आमचं बोलणं तिथेच संपलं असतं. त्याऐवजी पुढच्या रविवारी म्हणाली, बाबा, एक म्हातारी भेटली. आईबद्दल ती माझ्याशी बोलू शकत नाही, वानखेडे. मादामबद्दल बोलते."

"आणि पुस्तक? तुम्हीच म्हणता, पुराव्याशिवाय..."

"म्हणून तर ते होत नाही. मादामला आत ठेवलं तर पुस्तक खोटं. काढून टाकलं तर मुक्ता विचारेल, का काढलं. दोन प्रकरणं राहिली असं मी तुम्हाला म्हणालो, ते खोटं नव्हतं. दोनच राहिली आहेत. एक तिच्याशिवाय लिहिता येत नाही, आणि दुसरं तिच्यासकट."

मी इतकंच म्हणालो की त्यांनी मला जागेचं आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. सर हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भाच्याने मुक्ताला फोन केला होता?"

"केला होता. पत्ता मागायला."

सरांनी कप उचलला आणि मोरीत नेऊन धुवायला लागले. बराच वेळ धूत होते. मी निघालो तेव्हाही पाणी चालूच होतं.

पुढचा रविवार. मी पार्किंगमध्ये गाडी पुसत होतो. सरांची खिडकी उघडी होती. फोन वाजला. सर नेहमीसारखे 'बोल बाळ' म्हणाले. मग तुकड्या-तुकड्याने ऐकू आलं.

"केव्हा?... अच्छा... झोपेतच?... बरं झालं. हाल नाही झाले... नाही, नाही, मी ठीक आहे. तू जेवलीस का?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग बाथरूममध्ये बादली भरल्याचा. मग तांब्यामागून तांब्या. आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी कळली की आंघोळ करतात, तशी.

वर गॅलरीत सुमन येऊन बसली होती. रविवारची वेळ झाली होती. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सर आले. डोक्यावरून पाणी निथळत होतं, सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी मान वर केली.

"सुमनताई," ते म्हणाले, नेहमीसारखं मोठ्याने नाही, "मादाम गेल्या."

आणि तिथेच, दोन स्कूटरींच्या मधे, ते रडायला लागले. जोशीबाई म्हणाल्या, "अहो सर, वय झालं होतं त्यांचं." सर मान हलवत राहिले. ते हो म्हणत होते की नाही, मला कळलं नाही, आणि हे मला कळत नाही असं सहसा होत नाही.

मी सुमनला आदल्या आठवड्यात सगळं सांगितलं होतं. तिच्याकडे बघितलं तर गॅलरी रिकामी. मी जिन्याकडे धावलो. ती बसून उतरत होती. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी, कठडा धरून, दात आवळून. मी हात पुढे केला तर तिने झटकला.

"खुर्ची आणतो," मी म्हणालो.

"राहू द्या. बायको मेली त्यायची आज. खुर्चीवर बसून जाऊ काय भेटाले?"

ती खाली पोचली आणि सरांच्या दारातल्या स्टुलावर बसली. सर आत जाऊन टॉवेल घेऊन आले, तो डोक्याला लावायचं विसरले आणि हातात धरून तिच्यासमोर बसून राहिले. तिला वर न्यायला दुपारी चार माणसं लागली.

दुसऱ्या दिवशी सर तीन मजले चढून आमच्या दारात उभे राहिले. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"पुस्तक झालं, वानखेडे. मादामना काढून टाकलं. आता त्या राहिल्याच नाहीत, कुणी विचारायचं नाही. कागदपत्रं केव्हा करायची ते सांगा."

"आणि तुम्ही? मुक्ताकडे?"

"तिने बोलावलेलं नाही. शनिवार पेठेत चुलतभावाची एक खोली आहे. वर आहे, पण माझे गुडघे चांगले आहेत."

मी किल्ली त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी माझ्याकडे सरकवली. आयुष्यात इतके सौदे केले. किल्ली आपल्याकडे येऊ नये म्हणून घासाघीस करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि मी ती हरलो. "शब्द म्हणजे शब्द," असं म्हणून सर जिना उतरून गेले.

सुमन म्हणते, "ज्या घरात मादाम मेली, त्या घरात मी नाही जात राहाले. किल्ली परत करा." सर परत घेत नाहीत. त्यांनी पुस्तकं खोक्यांत भरून सुतळी बांधली आहे. खोक्यांच्या मधे एक खुर्ची आणि फोन तेवढा मोकळा ठेवला आहे. मादाम गेल्यापासून रविवारी फोन आलेला नाही. सर तरी आंघोळ करून, केस विंचरून त्या खुर्चीत बसतात आणि दुपारी उठतात. पार्किंगमध्ये येत नाहीत. गॅलऱ्या रिकाम्या.

तर असं मला फसवलं. शब्द मोडून फसवणारी माणसं मी पुष्कळ बघितली, त्यांना सरळ कसं करायचं ते मला येतं. या माणसाने शब्द पाळून फसवलं. मला पाहिजे होती ती जागा मला पाहिजे त्या किमतीत माझ्या टीपॉयवर पडली आहे, आणि मला ती उचलता येत नाही. त्यांच्याशी भांडू? ते म्हणतील, घ्या ना. बायकोशी भांडू? ती भांडी घासायला काढेल. त्या फ्रेंच पुढाऱ्याला धरायला गेलो तर तो कधीच निघून गेला. कुणी म्हणेल, नीलेशला तूच पाठवलंस. पाठवलं. रखडलेल्या कामाला धक्का देणं हा माझा धंदा आहे आणि त्याची मी माफी मागणार नाही.

राहिली मुक्ता. मुक्ता, तुझ्या वडिलांना हे लिहिलेलं आवडणार नाही, पण मी विचारून लिहीत नाही. त्यांनी तुझ्या आईचं आजारपण तुला कळू दिलं नाही. तू मादामचं आजारपण त्यांना कळू दिलं नाहीस. फिट्टंफाट झाली. मग आता रविवारी फोन का येत नाही? सरांना उत्तर नको असेल. मला पाहिजे.